थांब म्हटलं की थांबायचं

गुरुवार, ५ जानेवारी

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात माझी उभी हयात गेली. कोण कुठे पडलं, कसं पडलं, कुठलं हाड मोडलं आणि चूक कुणाची, हे रोज लिहायची सवय. आता लिहायला कुणाचं हाडच नाही. म्हणून निदान दिवस लिहावा म्हटलं.

आज मात्र हाड मिळालं, तेही घरचंच. खालच्या मजल्यावर माझा दादा राहतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, दर शनिवारी आसपासच्या मुलांना फुकट खेळायला बोलावते. आमच्या चौकातलं फर्निचरचं मोठं दुकान दुसरीकडे हललं, त्याची शोरूम रिकामी पडली होती. मालकाचं डोकं खाऊन खाऊन हिने ती शनिवारपुरती मिळवली. मुलांनी यावं, हवं ते खेळावं. शिकवणं नाही, स्पर्धा नाही, फी नाही. फक्त एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं. ते मोठं माणूस आज बसमधून उतरताना फुटपाथच्या कडेवर पाय मुडपून पडलं. घोट्याला बारीक तडा. फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत प्लास्टर.

मी विचारलं, "बस पूर्ण थांबली होती का? पायात काय होतं? फोन कानाला होता का?"

"आत्या, मी तुझी भाची आहे. मी दावा नाही लावलेला," ती रडतारडता म्हणाली.

फोन कानाला होता. मी ओळखलंच होतं.

मग खरं रडगाणं सुरू झालं. शनिवारी कोण जाणार? खंड पडला तर मालक जागा काढून घेईल. एक व्यायामशाळावाला टपूनच बसला आहे. "आणि बंद झालं ना आत्या, तर ही मुलं परत जिन्यात बसतील. गाड्या लावून लावून एक अंगण शिल्लक नाही ठेवलेलं कुणी."

दादा पेपरामागून म्हणाला, "तू जा की. नाहीतरी घरी काय करतेस?"

"मी कपाटं आवरते."

"ती आता आवरून आवरून झिजली."

दादाला बोलायला काय जातंय. पण पोरीचा रडका चेहरा बघवेना. हो म्हणून बसले.

शनिवार, ७ जानेवारी

माझ्या नोकरीत मी इतका धोका एका छताखाली पाहिला नव्हता.

शोरूममध्ये काय काय आहे ते लिहिते. जुन्या गाद्यांचा ढीग. खोकी, माणूस मावेल अशी. चाकांची एक ऑफिसची खुर्ची. दोर. गुंडाळून ठेवलेले गालिचे. मधोमध चार खांब, खांबांना कोपरे. आणि या सगळ्यात मोकाट सुटलेली पोरं. आत शिरल्या शिरल्या मला डावं मनगट, दोन पुढचे दात आणि एक हनुवटी दिसली, म्हणजे मोडण्याच्या बेतात असलेली.

मालक दारातच उभे होते. गोल चेहऱ्याचे, घाबरट गृहस्थ. बोटात भलंमोठं कुलूप अडकवून फिरतात. म्हणाले, "मॅडम, मला मुलांचं वावडं नाही. पण एक जरी मूल पडलं, लागलं, तर मी हे कुलूप लावणार. कुणाचे आईबाप माझ्या दारात नकोत. फेब्रुवारीत तो व्यायामशाळावाला जागा बघायला येतोय. तोवर बघू."

मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत असा. अपघात कसा होतो हे मला विचारा."

ते काही निश्चिंत झालेले दिसले नाहीत.

मी ताबडतोब कामाला लागले. गाद्यांचा ढीग पसरून एकेरी केला. खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी केली. जमिनीवर खडूने खांबांभोवती रस्ता आखला, एकेरी वाहतुकीचा, बाण काढून. मुलांना रांगेत लावलं आणि त्या रस्त्याने चालवलं. दोन फेऱ्या छान झाल्या.

तिसऱ्या फेरीला एका मुलीने हात वर केला. नऊ-दहा वर्षांची असेल, प्रत्येक वाक्याला फाटा फोडते. मी तिचं नाव वकील ठेवलं आहे.

"आजी, खेळ कधी सुरू होणार?"

"हाच खेळ आहे."

"याचं नाव काय?"

"चालणं," मी म्हणाले.

कुणालाही साधं खरचटलंसुद्धा नाही. पहिलाच दिवस, आणि निकाल उत्तम.

शनिवार, १४ जानेवारी

आज फारच थोडी मुलं आली. सर्दीची साथ असावी.

भाचीचं म्हणणं वेगळं. पाय उशीवर ठेवून तिने मला चांगलंच धारेवर धरलं. "आत्या, रांगेत उभं करायला शाळा आहे ना. त्यांना खेळू दे. तू फक्त बघ."

"आणि पडली तर?"

"खरंच पडायच्या बेतात असतील तेव्हा थांबव."

मी तिला समजावलं की दर मिनिटाला कुणीतरी खरंच पडायच्या बेतात असतं, माणसांच्या ते लक्षात येत नाही एवढंच. तिने उशीत तोंड खुपसलं.

ठीक आहे. खडूचा रस्ता पुसते. पण डोळे पुसून ठेवणार नाही.

शनिवार, २१ जानेवारी

गाद्या परत रचायला परवानगी दिली. खुर्चीही. मी मधल्या खांबाला पाठ लावून स्टुलावर बसले आणि नजर चारी बाजूंना फिरती ठेवली. धोका दिसला की मोठ्याने "थांब!" म्हणायचं, एवढाच नियम. माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत आहे. ऑफिसात मी फोनवर बोलायला लागले की शेजारच्या इमारतीतले खिडक्या लावून घेत.

सुरुवातीला कुणी ऐकेना. मग एक नवल घडलं. एक ताडमाड वाढलेला मुलगा आहे, त्याला मी शिडी म्हणते. तो गादीवरून उडी मारायला गेला, मी "थांब!" म्हणाले, आणि तो एक पाय हवेत तसाच धरून उभा राहिला. दगडासारखा. त्याला बघून वकीलही थांबली, हात वर केलेले तसेच. मग तिसरं, मग चौथं. सगळी शोरूम चिडीचूप.

मी म्हटलं, "शाबास. अस्सं. आता चालू द्या."

ती परत सुटली. पुढच्या "थांब!"ला तर सगळीच्या सगळी थांबली. थोडं खुसूखुसू हसू येत होतं त्यांना, पण मुलंच ती. थांबली हे महत्त्वाचं.

इतकी वर्षं लोकांना काळजी घ्या म्हणून पत्रं लिहिली, काडीचा फरक पडला नाही. इथे एका शब्दावर काम. मला आज फार बरं वाटलं.

मंगळवार, २४ जानेवारी

दादाला शिस्तीचं सांगितलं. तो म्हणाला, "मुलं आणि तुझं ऐकतात? मी लहानपणापासून तुझं ऐकलं नाही." त्याचा राग नाही. त्याला माझं काही बघवत नाही, हे जुनंच आहे.

शनिवार, २८ जानेवारी

गर्दी! मागच्या वेळेपेक्षा दुप्पट तरी. मुलं भावंडांना, शेजाऱ्यांना हाताला धरून घेऊन आली. सुरक्षित जागा म्हणून आपली कीर्ती पसरली आहे, दुसरं काय. मी दारातून आत आले तर "आजी आली! आजी आली! आता सुरू!" असा गलका झाला. शिस्तीशिवाय सुरूच करायचं नाही, इतकी समज आली त्यांना.

एक कोडं मात्र आहे. मुलं जास्त धोक्याचे उद्योग अगदी माझ्या नाकासमोर येऊन करतात. तिकडे कोपऱ्यात मोकळी जागा आहे, तर तिथे नाही. माझ्यासमोर यायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मग खुर्चीवर पोटावर पालथं पडून स्वतःला ढकलायचं. मी "थांब!" म्हणाले की चेहरा असा फुलतो, जणू वर्गात पहिला नंबर आला. मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. माझ्याजवळ त्यांना सुरक्षित वाटतं.

मला एक मदतनीसही लाभली आहे. पाच वर्षांची आहे. तिच्या फ्रॉकला दोन मोठे खिसे आणि त्यात बटणं, बुचं, एक दार नसलेली कडी, काय वाट्टेल ते. तिला मी खिसा म्हणते. मी "थांब!" म्हटलं की ही एकटी हिंडते. प्रत्येकाजवळ जाऊन डोळ्यांत डोळे घालून बघते, कुणाच्या नाकावर फुंकर मारते, कुणाच्या काखेजवळ बोट नेते, आणि एखाद्याला दंडाला धरून भिंतीशी बसवते. म्हणजे ज्याला दम लागलाय त्याला विश्रांती. मी न सांगता! या पोरीत तपासनीसाचे सगळे गुण आहेत. मोठी झाली की तिला आमच्या कंपनीत चिकटवायला हवी.

बुधवार, १ फेब्रुवारी

दादा बाजारातून आला तो हसत हसतच. जिन्यात टेकून हसला, दारात हसला, पाणी पिताना ठसका लागला.

"खाली ती पोरं खेळतायत. एक मुलगी उलट्या बादलीवर बसलीय, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हाताची घडी, आणि बोंबलतीय, थांब! थांब! मनगट जाईल! हुबेहूब, अगं, हुबेहूब."

"बघ," मी म्हणाले. "शनिवार नसतानासुद्धा सुरक्षिततेचे नियम पाळतात."

दादाने हसू आवरून पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तू फार चांगली आहेस गं." का कोण जाणे. वय झालं त्याचं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज घसा बसला. इतक्या वेळा "थांब" म्हणावं लागलं की शेवटी नुसती हवा यायला लागली. तर वकिलाने पेलाभर कोमट पाणी आणून दिलं. "आजी, घसा जपा. तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?" फाटे फोडणारी पोर, पण मन चांगलं आहे.

घरी आल्यावर लक्षात आलं, आज कपाटं आवरायची राहिली. मागच्या शनिवारीही राहिली होती बहुतेक.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मालक दुपारी येऊन गेले. दारातूनच बघत होते. पुढच्या शनिवारी व्यायामशाळावाल्याला घेऊन येणार, आणि तेव्हाच काय ते ठरवणार. बोलताना कुलूप या हातातून त्या हातात. "तो म्हणतो लगेच ताबा हवा. मला अजून कळत नाही. मुलं खेळताना दिसली की बरं वाटतं, आणि दिसली की कुलूपही आठवतं. मॅडम, तुम्ही मघापासून किती वेळा थांब म्हणालात?"

"मोजलं नाही."

"खूप वेळा म्हणालात." आणि कपाळ पुसत गेले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

मालकांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आज स्वयंपाक करताना एकदम उजेड पडला.

आमच्या कामात एक गोष्ट पक्की असते. एखाद्या कारखान्यात अपघात झाला नाही, पण "थोडक्यात वाचलो" अशा घटना वारंवार होतात, तर ती जागा धोक्याची समजायची. आणि मी काय करते आहे? दर थोड्या वेळाने ओरडून जाहीर करते, की थोडक्यात वाचलो! माझा प्रत्येक "थांब" म्हणजे मालकाच्या मनात कुलपाला एक वळसा. इतके दिवस मी स्वतःच्या तोंडाने पोरांच्या विरुद्ध पुरावा गोळा करत होते. कपाळावर हात मारला.

तेव्हा ठरलं. शनिवारी मालक असतील तोवर एकदाही थांब म्हणायचं नाही. तोंडात गुळणी धरून बसायचं. मुलांना आता शिस्त लागलीच आहे, ती आपणहून नीट राहतील. मालकांना शांत, सुरक्षित खेळ दिसेल.

भाचीला सांगितलं नाही. ती उगाच शंका काढत बसते. ती कुबडी घेऊन यायचं म्हणते आहे त्या दिवशी. तिचा जीव टांगणीला लागला आहे, रात्री झोप नाही. खरं सांगायचं तर माझाही लागला आहे. जागा गेली तर शनिवारी मी काय करू, हा विचार आज पहिल्यांदा आला आणि मला तो मुळीच आवडला नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी

हात थोडा दुखतोय, पण सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

मालक आले, व्यायामशाळावाला आला. दंड फुगवलेला, घट्ट शर्ट, हातात मोजपट्टी. भाची कुबडीवर दारापाशी. मी स्टुलावर, तोंड बंद.

मुलांनी सुरुवात केली. शिडी माझ्यासमोर गादीवरून उडी मारून गेला आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी गप्प. वकील खुर्चीवर पालथी पडून सुसाट गेली. मी गप्प. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुजबूज झाली. मग त्यांनी खुर्चीवर दोघांना बसवलं. मग तिघांना. मग खोक्यावर खोकं. मी बोटांत बोटं अडकवून बसले होते. मला नडगी दिसत होती, कोपर दिसत होतं, एक जबडा तर स्पष्ट दिसत होता. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे बघत, मी छताकडे बघत.

तेवढ्यात खिसाने माझी बाही ओढली. "आजी, तुला बरं नाहीये?"

"बरं आहे."

"मग आज तू खेळत का नाहीस?"

"मी कधी खेळते, बाळा?"

ती पोरगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिला फसवलं. डोळे भरायला लागले तिचे. मला काही उमगेना. आणि मी मान वर केली तर शिडी. सगळ्या गाद्यांच्या सगळ्यात वरच्या गादीवर, टाचा उचलून, माझ्याकडे बघत, एक हात पंख्याकडे नेत होता.

मालक, व्यायामशाळा, पुरावा, सगळं गेलं चुलीत. मी असा "थांब!" ठोकला की छत दणाणलं.

आणि सगळं थांबलं. शिडी वर, हात आखडून पुतळा. वकील अर्ध्या गिरकीत. खुर्चीवरचे तिघे तोंड उघडे ठेवून. दारात भाची कुबडी उचललेल्या अवस्थेत. आणि मालक! ते शिडीला धरायला धावत निघाले होते, ते एका पायावर, दोन्ही हात पुढे, कुलूप बोटात लोंबकळत. श्वाससुद्धा नाही.

मग प्रत्येक गोठलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. दाबलेलं, पण केवढं! जणू हरवलेलं माणूस घरी आलं. आणि खिसा डोळे पुसून निघाली. शिडीच्या पायाला गुदगुली. वकिलाच्या नाकावर फुंकर. व्यायामशाळावाल्यापाशी आली तर तो मोजपट्टी गुंडाळत होता. तिने त्याच्या मनगटाला धरलं. "तुम्ही हललात. बाद. भिंतीशी बसा."

"मी खेळत नाहीये," तो म्हणाला.

"हललात तर हललात," वकील ओठ न हलवता म्हणाली.

मग ती मालकांपाशी गेली. त्यांचा पाय थरथरत होता. कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. तिने बराच वेळ खालून बघितलं. फुंकर मारली. पापणी नाही लवली. तिने खिशातली कडी काढून कुलपावर वाजवली. तरी नाही.

"काका जिंकले!" ती ओरडली, आणि सगळी शोरूम उसळली.

मालक पाय खाली ठेवून विचारतात, "पण खेळ कुठला हा?"

"थांबआजी," सगळी एकदम म्हणाली. "आजीला थांब म्हणायला लावायचं. थांब म्हटलं की थांबायचं. जो हलला तो बाद."

मी स्टुलावर बसूनच होते. खरं सांगते, आधी लाज वाटली. मग राग आला, दादाला माहीत होतं, भाचीलाही, नक्कीच. तिने कुबडीमागे तोंड लपवलं होतं. मग मला आठवलं, आजी आली, आता सुरू. कोमट पाण्याचा पेला. तुमच्याशिवाय आमचं कसं होणार. लहानपणी मी बाजूला बसून कुणी लबाडी केली ते सांगायची, म्हणून मला कुणी खेळात घ्यायचं नाही. आणि इथे इतके शनिवार मी खेळात होते, मधोमध, सगळ्यांत महत्त्वाची, आणि मलाच पत्ता नाही. माझे डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"काका जिंकले म्हणजे आता काका आजी होणार," वकील म्हणाली. "नियमच आहे. फक्त आजपर्यंत कुणाची टाप नव्हती आजीला उठवायची."

मालक स्टुलावर बसले. नाकावर चढवायला माझा चष्मा त्यांनी स्वतःहून मागून घेतला. खिसाने माझा हात धरून ओढलं.

"आता तू पळ."

"मी? माझा गुडघा..."

"काकांना थांब म्हणायला लाव."

मी उठले. पळायला लागले. चष्मा नाही, पुढचं सगळं धूसर. गुडघा कुरकुरत होता. गाद्यांना वळसा घातला, खांबाला वळसा घातला, मुलं मागून किंचाळत होती आणि माझ्या घशातून एक आवाज निघत होता, तो हसण्याचा होता हे मला नंतर कळलं. मग गालिच्याच्या टोकात पाय अडकला.

पडताना मला नेमकं कळत होतं काय होणार. उजवं कोपर. आणि त्याच क्षणी मालकांचा आवाज फुटला, घाबरून, अगदी पोटातून, "थांब!"

मी जमिनीवर आडवी. कोपराला आग लागली होती. भाची दारातून "आत्या!" म्हणून ओरडणार होती, पण तीही थांबली, कुबडीवर तोल सावरत. एवढ्या मोठ्या शोरूममध्ये चिटपाखरू हलत नव्हतं. मीही हलले नाही. का हलावं? खिसाची पावलं वाजत आली. तिचं तोंड माझ्या तोंडाशी. तिने डोळ्यांत बघितलं, नाकावर फुंकर मारली, मग खाली वाकून माझं कोपर बघितलं.

"आजीला लागलंय," ती हळूच म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पण आजी हलली नाही!"

त्यानंतर मला उठवलं, बसवलं, पाणी दिलं, भाचीने जखम धुतली. मालक जवळ येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. हातात कुलूप. सगळ्यांना त्यांची अट ठाऊक होती. व्यायामशाळावाला भिंतीशी बसला होता तो उठला, "मी म्हणतच होतो," म्हणाला.

वकील पुढे आली. "काका, अट मुलांची होती. एक जरी मूल पडलं तर. आजी मूल नाहीये."

मी जन्मभर असल्या युक्तिवादांना नामंजूर केलं आहे. आज मी मान डोलावली.

मालकांनी माझ्या कोपराकडे बघितलं, चुरगळलेल्या कपड्यांकडे बघितलं, सुटलेल्या केसांकडे बघितलं. "मूल नाही? मग मघाशी किंचाळत पळत होतं ते कोण?"

संपलं, असं वाटलं. भाचीने माझा हात घट्ट धरला.

ते कितीतरी वेळ कुलूप तळहातावर तोलत राहिले. मग व्यायामशाळावाल्याला म्हणाले, "तुम्ही दुसरीकडे बघा. ही जागा रिकामी नाही."

"पण पडल्या ना त्या? उद्या पोर पडेल!"

"पडेल," मालक म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले. "या पडल्या, उठल्या, हसतायत. आणि शिवाय माझी पाळी अर्धीच झालीय." मग आमच्याकडे वळून, "पुढच्या शनिवारी मी सुरुवातीपासून आजी. आधीच सांगून ठेवतो."

कुलूप त्यांनी खिसाला दिलं. तिच्या डाव्या खिशात ते जेमतेम मावलं, आणि फ्रॉक एका बाजूला लोंबला.

रविवार, १९ फेब्रुवारी

दादा वर येऊन कोपर बघून गेला. हसणार असं वाटलं होतं. त्याने मलम लावलं आणि म्हणाला, "शाळेत कधी तुझं कोपर फुटलेलं आठवत नाही." मी म्हटलं, "नव्हतंच फुटलं."

भाचीचं प्लास्टर परवा निघणार. "आत्या, आता तुझी सुटका," ती म्हणाली. मी हूं म्हटलं आणि कपाट उघडून उगाच घड्या मोडून परत घातल्या. तेव्हा तीच म्हणाली, "पण मुलं विचारत होती. ताई येऊ दे, पण धावायला आजी येणार ना?"

तर आता रीतसर. इजा, उजवं कोपर, चांगलंच सोललं आहे. डाव्या पायाला मुका मार. ठिकाण, गालिच्याचं टोक. चूक, माझी, चष्मा नव्हता. कारणाच्या जागी "खेळताना" हा शब्द लोकांचा किती वेळा वाचला असेल, आणि दर वेळी मनात म्हटलं असेल, एवढ्या मोठ्या माणसाला काय नडलं होतं. आज स्वतःच्या नावापुढे तो लिहिला. खेळताना. दावा नाही.

खपली धरायला लागली आहे आणि ती खाजवायची नाही असं भाचीने बजावलं आहे. आज रविवारच. शनिवार किती लांब आहे.